मिटलेल्या भांडणासाठी बुडालेलं जहाज

अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर ‘कॅनन बीच’ नावाचं गाव आहे. तिथल्या पाण्यातल्या भल्यामोठ्या खडकाचे फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिलेही असतील. पण गावाच्या नावातली तोफ कुठली, माहितीये? ती ‘शार्क’ची. हा मासा नव्हे, अमेरिकी नौदलाचं १८२१ मधलं दोन डोलकाठ्यांचं स्कूनर, म्हणजे शिडाचं चपळ जहाज.

१८४६ मध्ये ओरेगॉनवर ब्रिटन आणि अमेरिका दोघंही हक्क सांगत होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या चिनूक, क्लॅटसॉप लोकांना अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. सीमेवरून वातावरण तापलेलं. लेफ्टनंट नील हॉविसन यांना ‘शार्क’ घेऊन कोलंबिया नदीत पाठवलं गेलं. मुलखाची माहिती काढायची आणि तिथे वस्ती केलेल्या अमेरिकनांना आपला झेंडा दाखवायचा, हे काम.

जुलैमध्ये ते पोहोचले. आणि गंमत बघा, १५ जूनलाच तह होऊन ४९व्या अक्षांशावर सीमा ठरली होती! पण तिकडे ना तार, ना रेल्वे. बातमी ओरेगॉनला पोहोचली नोव्हेंबरमध्ये. ज्या भांडणासाठी आलो ते कधीच मिटलंय, हे जहाजावर कुणाच्या गावीही नव्हतं.

त्यात या नदीचं मुख भयंकर. नदीचा लोंढा आणि पॅसिफिकच्या लाटा समोरासमोर भिडतात, खालचे वाळूचे दांडे सारखे सरकतात. ‘पीकॉक’ हे नौदलाचंच जहाज १८४१ मध्ये इथे फुटलं होतं. त्या वर्षी मोजणी झाली खरी, पण नंतर वाळूने जागा बदलली. १० सप्टेंबरला बाहेर पडताना ‘शार्क’ रुतलं. डोलकाठ्या तोडून पाहिल्या, उपयोग झाला नाही. जहाज गेलं, माणसं मात्र सगळी वाचली. त्यांनी अ‍ॅस्टोरियात एका खडकावर जहाजाचं नाव आणि तारीख कोरून ठेवली. निघण्यापूर्वी हॉविसननी ‘शार्क’चा झेंडा तिथल्या हंगामी सरकारचे गव्हर्नर जॉर्ज अ‍ॅबरनेथी यांना देऊन टाकला. जहाज नसलेल्या कॅप्टनने झेंडा ठेवून करायचं तरी काय!

तोफांसकट डेकचा एक तुकडा दक्षिणेला वाहत गेला. त्यातली एक तोफ १८९८ मध्ये सापडली, तिच्यावरून पुढे गावाला नाव मिळालं. उरलेल्यांचा पत्ता नव्हता. २००८ च्या फेब्रुवारीत वादळांनी वाळू ओढून नेली आणि बाबांबरोबर किनाऱ्यावर फिरणाऱ्या एका मुलीला गंजलेलं काहीतरी दिसलं. त्या दिवसांत तिथे आणखी दोन तोफा मिळाल्या. आता त्या अ‍ॅस्टोरियाच्या म्युझियममध्ये आहेत, आणि खलाशांनी कोरलेला तो खडकही तिथेच आहे.