पठ्ठे बापूराव आणि पवळा : वाद नेमका कशाचा?

जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत वाढलेल्या डान्सहॉल संगीतावर 2009 साली तिथल्या प्रसारण आयोगाने बंधनं घातली. उघड कामक्रीडेची गाणी वाजवायची नाहीत, असं नभोवाणी आणि दूरचित्रवाणीला बजावण्यात आलं. वाइब्झ कार्टेल हा त्या काळचा अतिशय गाजलेला आणि तितकाच बदनाम गायक. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. 1948च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेचं कारण पुढे करून मुंबई इलाख्यात तमाशावर बंदी आणली होती. याच इलाख्यात शिमगाही होता, आणि शिमग्याची चावट गाणी तमाशापेक्षा सोवळी होती असं कुणी म्हणणार नाही. सुधारकांनी शिमग्यावर कोरडे ओढले, तरी बोंब मारणाऱ्याची अब्रू गेली नाही. फडात नाचणारीची मात्र जन्मभरासाठी गेली. माझं म्हणणं असं की, तमाशावरचा वाद शब्दांपुरता कधीच नव्हता. कुणाच्या शेजारी कोण उभं राहतं आणि पैशासाठी कुणाला नाचावं लागतं, हे त्याचं मूळ आहे. पठ्ठे बापूरावांच्या कारकिर्दीइतका त्याचा स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म 1866 सालचा, वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. ब्राह्मणाच्या घरातला, कुलकर्णी वतनातला मुलगा. जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर कवनं करता करता तो तमाशाकडे ओढला गेला आणि अखेर घरदार मागे टाकून फडात दाखल झाला. गण, गवळण, लावणी, वग या साऱ्यांवर त्यांची हुकमत होती. ‘मिठाराणी’चा वग त्यांचा, मुंबई शहराचं वर्णन करणारी लावणीही त्यांची. दोन लाख लावण्या रचल्याचं ते सांगत. आकडा सोडून देऊ, पण जे छापलं गेलं तेवढ्यावरूनही पल्ला कळतो. शृंगाराइतकंच त्यात अध्यात्म आहे, सवालजवाबाची तर्कबुद्धी आहे, गिरण्यांच्या शहराची नवलाई आहे. शृंगार हाच गुन्हा असता, तर पेशवाईतल्या राम जोशींना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मानाचं पान मिळालं नसतं. बापूरावांवर गाव उलटलं ते कवनांपेक्षा संगतीमुळे.

ती संगत म्हणजे संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा, महार समाजातली नर्तकी. ब्राह्मण शाहीर आणि महार नाचणारी या जोडीने मुंबईची थिएटरं भरवली. पण फड जवळून पाहिला की दोघांची जागा वेगळी दिसते. ढोलकीची थाप पडते, तुणतुणं लागतं, झीलकरी सूर ओढतात. प्रेक्षकातला एखादा दौलतजादा करायला नाणं पुढे धरतो. ते घ्यायला नाचणारीला नाचत त्याच्यापर्यंत जावं लागतं. नाणं सहजी सुटत नाही, हात धरला जातो, आणि तिने हसतच राहायचं असतं. शब्द कवीचे असतात, पण त्यांची किंमत तिच्या अंगावरून वसूल होते. पुढे तेच शब्द पुस्तकात गेले, बापूरावांच्या नावाचा चित्रपट निघाला. पवळेच्या वाट्याला ‘बापूरावांची पवळा’ एवढीच ओळख आली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बापूरावांनी जातीचा मान, घर, नातीगोती सगळं सोडलं. पवळेशी फारकत झाल्यावर त्यांचे दिवस फिरले आणि 1945 साली पुण्यात ते हलाखीतच वारले. हा त्याग खरा आहे, तो लहान करण्याचं कारण नाही. पण सोडायला त्यांच्यापाशी काही होतं. पवळेला जातीने दिलेलं काम सोडून जायला जागाच नव्हती. दुसरा आक्षेप असा की, तिला नाव मिळालं, दागिने मिळाले, ती राणीसारखी मिरवली. मिरवलीही असेल, ती बिचारी नव्हती, अव्वल कलावंत होती. पण तिची कला आणि तिची कोंडी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे नेमकं ओळखलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. महाडच्या लढ्यासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं, तेव्हा समाजाच्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा नको, असं सांगून बाबासाहेबांनी तो नाकारला, हा प्रसंग आजही सांगितला जातो. कलेचा अपमान म्हणून या नकाराकडे पाहणारे आहेत. मला तो तसा वाटत नाही. लावणी चावट आहे की नाही, हा प्रश्नच त्यात नाही. नाचणं कुणाच्या माथी मारलं गेलं, हा आहे.

सरकारला मात्र तो प्रश्न दिसला नाही. पुढे बंदी उठली ती सुधारणेच्या अटी घालून: कवनं तपासायची, हावभाव आवरायचे. बंदीच्या काळात फडाच्या बायकांनी पोट कसं भरायचं, याचा हिशेब त्या अटींत नव्हता. इतिहासकार शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं इंग्रजी पुस्तक 2022 साली आलं. त्यात पवळा स्वतंत्र व्यक्ती म्हणून येते, आणि ते यायला बापूरावांच्या निधनानंतर 77 वर्षं जावी लागली.