अडीच मिलिमीटरची फट

सणसरला, आजोळी, माळ्यावरची पत्र्याची पेटी आवरताना मामांचा कॅमेरा हाती लागला. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं आणि पालखी सणसरला मुक्कामाला येते. त्या दिवशी सकाळपासून हा कॅमेरा मामांच्या गळ्यात असायचा. मामा गेल्यापासून तो पेटीत पडून होता. मामी म्हणाल्या, “दुरुस्त करून काय करणार आहेस? रोल तरी मिळतो का आता?”

प्रश्न रास्त होता. कॅमेरा घेऊन मी ओट्यावर बसलो आणि दुपार कधी सरली ते कळलंच नाही.

चामडी केस उघडली तर आंबूस वास आला. मागचं झाकण उघडलं तर कडेचा काळा स्पंज डांबरासारखा बोटाला चिकटला. पुष्कळ लोक इथेच हात टेकतात, पण हा दोष सगळ्यात किरकोळ. झाकणाच्या फटीतून उजेड आत शिरू नये म्हणून तो स्पंज असतो आणि वर्षं गेली की त्याचा चिकटा होतोच. स्पिरिटने पुसून नवी पट्टी बसवली की काम झालं. पितळेची चाकं, पोलादी स्प्रिंगा सहसा शाबूत असतात. आधी थकतात त्या मऊ गोष्टी: स्पंज, रबर, गोंद आणि मुख्य म्हणजे ग्रीस.

ग्रीस घट्ट झालं की शटर अडखळतं, आणि शटर हे तर या डबीतलं खरं नवल आहे. अशा कॅमेऱ्यात फिल्मसमोर कापडाचे दोन पडदे असतात. पहिला सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा मागून येऊन ती झाकतो. फोटोच्या चौकटीची ३६ मिलिमीटरची रुंदी पडदा साधारण १/६० सेकंदात कापतो. हिशेब केला तर हा वेग ताशी आठ किलोमीटरच्या आतबाहेर येतो. बेलवाडीच्या रिंगणात पताका घेऊन धावणारा वारकरी याहून जोरात पळतो! मग असा पडदा सेकंदाचा हजारावा भाग मोजतो कसा? पहिला निघाला की दुसरा लगोलग त्याच्या पाठीवर सुटतो. दोघांमध्ये दोन-अडीच मिलिमीटरची फट उरते आणि ती फटच फिल्मवरून धावत जाते. फिल्मच्या प्रत्येक ठिपक्याला उजेड मिळतो तो ती फट वरून सरकेपर्यंतच. काळ मोजायचा तो अंतराने! हे ज्याच्या डोक्यात आलं असेल त्याला माझा दंडवत. पहिला पडदा घट्ट ग्रीसमुळे रेंगाळला, की दुसरा त्याला गाठतो, फट मिटते आणि फोटोची एक बाजू काळी येते.

१/३० आणि त्याहून संथ वेगांसाठी वेगळी युक्ती असते. गजराच्या घड्याळात असते तशी दातेरी चाकांची माळ दुसऱ्या पडद्याला ठरावीक वेळ धरून ठेवते. बटण दाबल्यावर कर्रर्र असा आवाज येतो तो या चाकांचा.

शटरच्या वेगाची तपासणी घरच्या घरी होते. मागचं झाकण उघडं ठेवून लेन्स खिडकीकडे करायची आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चौकटींनी, मागून चित्रण करायचं. १/३० ला शटर आठ चौकटी उघडं दिसायला हवं. मी मोजल्या त्या तेरा भरल्या. एक सेकंदावर तर पडदा मिटेचना. टिचकी मारली तेव्हा मिटला. ऐकून वाईट वाटेल, पण मला हायसं वाटलं. टिचकीने चालतं म्हणजे काही तुटलेलं नाही, नुसतं चिकटलंय. साफसफाई आणि तेलपाणी केलं की सुटेल.

खरी भीती लेन्सची. तिच्यात टॉर्च मारून आरपार पाहिलं तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा एक धागा दिसला. बुरशी. चामडी केस ओल धरून ठेवते आणि अंधारात बुरशी पसरते. ती आम्ल सोडते, त्याने काचेवरचा लेप आणि पुढे काचही खाल्ली जाते. धागे पुसता येतात, खाल्लेली काच भरून येत नाही. डाग मधोमध असता तर मी तिथेच थांबलो असतो. ज्या कॅमेऱ्यांचं शटर विजेवर चालतं त्यांचं सर्किट गेलं तरी तेच. सुटा भाग मिळतो तो बहुधा दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून.

उजेड मोजणारा मीटर बंद आहे म्हणून मात्र कॅमेरा टाकू नये. जुन्या मीटरांना पाऱ्याचे १.३५ व्होल्टचे सेल लागत. ते आता बनत नाहीत आणि १.५ व्होल्टचा घातला तर मीटर चुकीचं सांगू शकतो. पण लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र १६ वर आणि शटर फिल्मच्या आकड्याजवळ ठेवायचं, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५. एवढं ऊन सणसरला वर्षातले बरेच दिवस असतं.

राहिला मामींचा रोल. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ गेला, पण ३५ मिलिमीटरची जी डबी कोडॅकने १९३४ साली आणली ती आजही बनते. २०२४ मध्ये पेंटॅक्सने तिच्यासाठी नवा कॅमेरासुद्धा काढला. पूर्वी बडोद्यात बनणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ तुमच्या घरात असेल तर त्याचा १२० चा रोल त्याहूनही जुना, १९०१ सालचा, आणि तोही मिळतो. १२६ ची डबी बनणं मात्र थांबलं. तिचा कॅमेरा कपाटातच शोभेल.

मामांचा कॅमेरा मी पुण्याच्या एका कारागिराकडे दिला. आता १/३० ला बरोबर आठ चौकटी भरतात. परवा तो मामींच्या कानाशी धरला आणि एक सेकंदावर बटण दाबलं. कर्रर्र… खट.

“हाच तो,” मामी म्हणाल्या. “दिवेलागणीला फोटो काढायचे ना, तेव्हा हा खट होईपर्यंत पापणी हलवायची नाही, अशी तंबी असायची आम्हाला.”