डिझेलचा काटा चुकतो तेव्हा

नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातील मोठी व्यापारी केंद्रे. येथील हळद, सोयाबीन, तूरडाळ ट्रकने हैदराबाद, सोलापूर, पुण्याकडे जाते. या धंद्यात नव्याने उतरणारे अनेक जण पहिली गाडी जुनीच घेतात. घेताना इंजिन, टायर, कागदपत्रे पाहिली जातात. डिझेलच्या काट्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

काटा चुकीचा असला की नुकसान दुहेरी होते. पाव टाकी आहे म्हणून निघालेली गाडी लोहा-अहमदपूरच्या मध्येच बंद पडते. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते; नुसते डिझेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. तळाचा गाळ फिल्टरमध्ये येतो तो वेगळाच. त्याहून वाईट म्हणजे संशय. काटा भराभर खाली आला की मालकाला वाटते, ड्रायव्हरने डिझेल विकले. एका बिघडलेल्या काट्यापायी प्रामाणिक माणसाची रोजी जाऊ शकते.

दोष कसा शोधावा?

जुन्या गाडीत ही यंत्रणा साधी असते. टाकीत फ्लोट असतो. तो खाली-वर झाला की टाकीवरच्या युनिटमधील विजेचा रोध बदलतो आणि त्यानुसार मीटरचा काटा हलतो. म्हणून तपासणीही टाकीपासून सुरू करावी. आधी बिडी-काडी दूर ठेवावी.

चावी चालू करून युनिटची वायर काढावी. काटा एका टोकाला गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर चासीला टेकवावी. काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. तसे झाले तर मीटर व वायर ठीक आहेत. दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. काटा हललाच नाही तर फ्यूज, वायर आणि मीटर तपासावे.

अर्थिंगचा गंज घासून काढला तरी पुष्कळदा काम भागते. टाकी भरलेली असूनही काटा तळाशीच राहत असेल, तर फ्लोटला भोक पडून त्यात डिझेल शिरले आहे का ते पाहावे. काटा ठरावीक जागीच उडी मारत असेल तर युनिटची पट्टी झिजली आहे. डिझेल आणि तापमान असे दोन्ही काटे एकदम चुकू लागले, तर दोष मीटरकडे येणाऱ्या विजेच्या पुरवठ्यात शोधावा.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. आधीच्या मालकाने टाकी बदललेली असते, युनिट मात्र जुनेच असते. टाकीची खोली आणि फ्लोटच्या दांडीची लांबी जुळली नाही, तर सगळे सुटे भाग चांगले असूनही काटा चुकीचेच दाखवतो.

हिशेब कशावर ठेवावा?

दुरुस्ती होईपर्यंत एक स्वच्छ काठी घ्यावी. रिकाम्या टाकीत दर वेळी २० लिटर डिझेल ओतून, गाडी सपाट जागी उभी ठेवून, काठीवर खुणा कराव्यात. सरासरीसाठी टाकी तोंडापर्यंत भरावी आणि फेरीनंतर पुन्हा तेवढीच भरावी. समजा ४०० किलोमीटरला १०० लिटर बसले, तर सरासरी ४ ची. हा हिशेब मालक व ड्रायव्हर दोघांनी मिळून वहीत लिहावा. ड्रायव्हरला जाब विचारायचा तो या वहीवरून, काट्यावरून नव्हे.

आणि जुनी गाडी विकणाऱ्याने काटा बंद असेल तर सौदा ठरण्यापूर्वीच तसे सांगावे. सांगून विकलेल्या मालात पुढे भांडण उरत नाही.