जाकीट बोटीत नको, अंगावर पाहिजे

बीडचा पोरगा आणि विषय बोटींच्या शर्यतीचा. हसणार तुम्ही, माहितीय. आमच्याकडं उन्हाळ्यात शर्यत लागते ती टँकरपुढं हंडे घेऊन. पण याच बीडमध्ये सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे, आणि त्याच्या बॅकवॉटरमध्ये माझे मामा वीसेक वर्षांपासून जाळं टाकतात. आजचा एपिसोड त्यांच्यामुळंच सुचला. ऐकायला जमत नसेल तर हे वाचा.

झालं असं, की रात्री कोड बिल्ड होईपर्यंत मी ड्रॅग बोट रेसिंगचे व्हिडिओ बघत बसलो होतो. दोन बोटी, सरळ पाणी, साधारण एक हजार फूट अंतर. म्हणजे तीनशे मीटर, बस. सगळ्यात वरच्या वर्गातल्या बोटी नायट्रोमिथेनवर चालतात आणि ताशी ४०० किलोमीटरच्या पुढं जातात. आता थोडं फिजिक्स. वेग चारपट झाला की धडकेची ऊर्जा सोळापट होते. १०० ला पडलेला माणूस आणि ४०० ला पडलेला माणूस यांच्यात सोळापटीचा फरक. त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही, डांबरी रस्त्यासारखं लागतं. शिवाय या बोटी पाण्याला जेमतेम टेकलेल्या असतात. नाकाखाली वारा शिरला की बोट पतंगासारखी उलटी.

मग ड्रायव्हर जगतो कसा? मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगतो. सुरक्षेचे दोन एकदम उलटे मार्ग आहेत.

पहिला मार्ग: माणूस बोटीतून बाहेर पडूच द्यायचा नाही. वेगवान बोटींमध्ये ड्रायव्हरभोवती मजबूत बंद कॅप्सूल असते. अपघात झाला की बोटीचे तुकडे होतात, पण कॅप्सूल सुटून वेगळी होते. पॅराशूट तिचा वेग कमी करतं. आत ड्रायव्हर पाच ठिकाणी पट्ट्यांनी बांधलेला, मानेला आधार देणारं उपकरण लावलेलं, अंगावर आगीपासून वाचवणारा सूट आणि तोंडाला हवेचा मास्क. कॅप्सूल पाण्याखाली गेली तरी पाणबुडे येईपर्यंत श्वास चालू.

दुसरा मार्ग: उघडी बोट असेल तर सीटबेल्ट लावायचाच नाही! कारण उलट्या बोटीला बांधलेला माणूस बुडतो. त्याला लांब फेकलं जाऊ द्यायचं, पण अंगावर हेल्मेट आणि असं लाइफ जॅकेट पाहिजे, ज्याच्या पट्ट्या मांड्यांमधून जातात. नाहीतर पाण्याचा धक्का जॅकेट डोक्यावरून ओढून काढतो. काही वेगवान बोटींत या जॅकेटलाही छोटं पॅराशूट असतं.

म्हणजे पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर. अर्धवट काही नाही.

आणि दोन्हीकडं एक गोष्ट सारखी, किल स्विच. एक दोरी, एक टोक ड्रायव्हरला, दुसरं इंजिनच्या स्विचला. माणूस जागेवरून हलला की दोरी सुटते, इंजिन बंद. आम्ही सर्व्हरला दर काही सेकंदांनी ‘आहेस का?’ विचारतो आणि उत्तर नाही आलं की काम थांबवतो. तेच लॉजिक, फक्त दोरीचं.

हे सगळं अमेरिकेतलं, असं म्हणू नका. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आंध्रात अमरावतीला कृष्णा नदीवर फॉर्म्युला वन पॉवरबोटी धावल्या. या फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरला आधी एक परीक्षा द्यावी लागते. नकली कॉकपिटमध्ये बांधून पाण्यात उलटं करतात. स्वतः पट्टे सोडून बाहेर यायचं. नाही जमलं तर शर्यत नाही.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. म्हटलं, तुम्ही जाकीट घालता का? मामा म्हणाले, “आरं लेकरा, बारका होतो तवापासून पोहतोय मी. जाकीट हाय की, होडीत पाटाखाली ठिवलंय.”

इथंच अडलं ना मंडळी! २१ मे २०२४ ला उजनी धरणात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईजवळ ‘नीलकमल’ फेरीबोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि त्यातही जीव गेले. अशा वेळी पाटाखालचं जाकीट काढायला, गाठ सोडायला, घालायला वेळ कुठून आणणार? आणि पोहता येणं हा उपाय डोक्याला मार लागेपर्यंतच असतो. ड्रॅग बोटीवाल्यांनाही पोहता येतंच की. बेशुद्ध माणूस पोहत नाही.

म्हणून जाकिटावरचा आकडा बघा. पाण्यात डोकं वर राहायला साधारण चार-पाच किलोचा उचल पुरतो. ५० न्यूटन, म्हणजे पाच किलोचा उचल, हे शुद्धीवर असलेल्या, पोहणाऱ्या माणसासाठी. १०० किंवा १५० न्यूटनचं जाकीट बेशुद्ध माणसालाही उताणं करून तोंड पाण्यावर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. घातल्यावर दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. लेकरांना मांड्यांमधून जाणारी पट्टी हवीच. रंग केशरी किंवा पिवळा. निळं जाकीट फोटोत छान दिसतं, पाण्यात दिसत नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “समदं खरं. पण जाळं वढताना बकलात अडकतंय. जाळ्यासंगं मीच गेलो तर?”

खरं सांगतो, याचा मी विचारच केला नव्हता. त्यांची अडचण आळसाची नव्हती, डिझाइनची होती. लोंबणारी पट्टी अडकते, अडकली की जाकीट उतरतं, उतरलं की पाटाखाली जातं. दिवाळीला गेलो तेव्हा आम्ही दोघांनी चेनवालं, अंगासरशी बसणारं जाकीट शोधलं. पट्ट्यांची जास्तीची टोकं मामीनं आत दुमडून शिवली. मामा ते घालून काठाजवळ पाण्यात उतरले, उताणे तरंगले आणि म्हणाले, “आयला, हे तर खाटंवानी हाय!”

आता रोज घालतात का? मामी म्हणते, वारं सुटलं की घालतात. वारं सांगून सुटत नाही, हे मी दर रविवारी फोनवर सांगतोच.

तुमच्याही घरात कुणी धरणावर, नदीवर, खाडीत जात असेल तर आज एकच प्रश्न विचारा: जाकीट कुठंय? ‘होडीत हाय’ हे उत्तर आलं, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!