थोर आद्याक्षर : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेखाच्या आरंभी दोन-तीन ओळींच्या उंचीचे थोर आद्याक्षर बसविणे हा आपल्या पोथ्यांपासून चालत आलेला संप्रदाय आहे, अशी समजूत छपाईच्या धंद्यातील जाणत्या माणसांचीही असते. परंतु कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी दफ्तर पाहिले, तर माथ्यावर ‘श्री’ आणि खाली आधी ओढून घेतलेल्या शिरोरेषेला लटकलेला सलग मजकूर, एवढाच थाट आढळतो. पोथी लिहिणारे फार तर आरंभीचे नमन किंवा अध्यायाची समाप्ती तांबड्या शाईने लिहीत. थोर आद्याक्षर हे युरोपातील हस्तलिखितांतून तिकडच्या छापखान्यांत आले (माइन्ट्स येथे १४५७ साली छापलेल्या स्तोत्रसंग्रहातील दुरंगी आद्याक्षरे प्रसिद्धच आहेत) आणि मुद्रणकलेबरोबर आपल्याकडे रुजले. उसनवारीत कमीपणा नाही. मात्र रोमन लिपीचे नियम नागरीला जसेच्या तसे लागू पडतात, हा जो दुसरा गैरसमज तिच्यापाठोपाठ आला, तो अधिक नडतो.

रोमन अक्षर पायाच्या रेषेवर उभे राहते, नागरी अक्षर माथ्याच्या रेषेला लोंबते. सबब आद्याक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळवावी, मात्रा-वेलांटीला तिच्या वर मोकळीक द्यावी, आणि उकार खालच्या ओळीत घुसू लागला तर आकार किंचित घटवावा. शिवाय ‘एक अक्षर’ म्हणजे काय, याची आपली कल्पना संगणकाला ठाऊक असतेच असे नाही. युनिकोडात ‘को’ हा दोन चिन्हांचा, तर ‘स्त्री’ हा स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा चिन्हांचा समुच्चय असतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत तर ‘कि’मधली ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागाहून येत असूनही मजकुरात आधी टंकलेली असते. चिन्हे मोजणाऱ्या आज्ञावलीत ‘एक’ हा आकडा घातला, की ‘को’मधला एकटा ‘क’ थोर होतो आणि त्याचा ओकार निराधार होऊन ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटतो. म्हणून आकडा कायम करण्यापूर्वी को, कि, क्षे, स्त्री अशी चार अवघड अक्षरे टाकून पाहावीत.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज तिसरा : आद्याक्षर ही सजावट, तेव्हा ते स्वतंत्र चौकटीत मोठे करून ठेवावे आणि मजकूर तिच्याभोवती वळवावा. अशाने ‘को’ एका चौकटीत आणि ‘ल्हापूर’ दुसऱ्या चौकटीत पडते. पुढे शोधू गेल्यास ‘कोल्हापूर’ हा शब्द सापडत नाही, ई-पुस्तक काढताना तो तुटतो, आणि संपादकाने वर दोन ओळी वाढविल्या की मजकूर सरकतो, अक्षर मात्र जागच्या जागी राहते. वस्तुतः इनडिझाइन काय, फुकट मिळणारे स्क्रायबस काय किंवा लिबरऑफिस रायटर काय, या सर्वांत परिच्छेदाच्या शैलीतच, म्हणजे पॅराग्राफ स्टाइलमध्ये, ओळी किती घ्यायच्या आणि त्या अक्षराला कोणती कॅरेक्टर स्टाइल लावायची, याची तजवीज आहे. रंग, फाँट, किंचित वर-खाली सरकविणे हे सारे त्या कॅरेक्टर स्टाइलमध्ये एकदा नोंदवावे. मग तांबड्याचा निळा करण्याचा हुकूम ऐनवेळी सुटला, तरी फेरफार एकाच ठिकाणी करावा लागतो. जोडाक्षरामुळे आकडा बदलावा लागला, तर मूळ शैलीवर आधारलेली दुसरी शैली करून तिच्यात तेवढाच फरक ठेवावा. बाकीचे गुण वारशाने येतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझरची निवडही याच शैलीत करावी, नाहीतर जोडाक्षरेच फुटतात. शैलीच्या नावापुढे अधिकचे चिन्ह दिसू लागले, तर कोणीतरी हाताने ढवळाढवळ केली आहे असे समजावे.

शैलीमुळे कलावंताचे हात बांधले जातात, ही तक्रार मला लटकी वाटते. चित्रकार बाबूराव पेंटरांच्या या कोल्हापुरात एखाद्या खास लेखाला चित्रकाराकडून रेखाटून घेतलेले अक्षर अवश्य द्यावे, पण ते अपवाद म्हणून. दिवाळी अंकातल्या झाडून साऱ्या लेखांना हाताने चौकटी चिकटविणे ही कला नव्हे, निव्वळ हमाली होय. तेव्हा ऑपरेटर बंधूंना एवढीच विनंती, की पहिला फर्मा छपाईला सोडण्यापूर्वी प्रत्येक लेखाचा पहिला शब्द शोधून पाहावा, आणि तो सापडला नाही तर चौकट काढून शैली लावावी.