रोगाची बातमी आणि बातमीचे मोल

‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा’ ही अक्षरे १९७५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातील गावोगावच्या भिंतींवर गेरूने रंगवलेली दिसत. शाळेची भिंत, चावडी, एस. टी. चा थांबा, कोठेही नजर टाकावी तर हेच वाक्य. त्या काळात हजार रुपये ही प्राथमिक शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम होती. साहजिकच शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत अनेकांनी त्या हजार रुपयांची स्वप्ने पाहिली. पण ते बक्षीस मिळवून देणारा खरा रोगी देशात पुन्हा सापडला नाही.

या बक्षिसाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. देवीचे रोगी हजारोंनी होते, तेव्हा एका रोग्याच्या बातमीला सरकार पन्नास रुपये देत असे. रोगी कमी झाले, तेव्हा ही रक्कम शंभर झाली. आणि देशात एकही ज्ञात रोगी उरला नाही, तेव्हा ती हजारावर गेली. वरवर पाहता हा व्यवहार उफराटा वाटेल. रोग संपत आला असताना खर्च वाढवायचा कशासाठी? परंतु साथरोगशास्त्राचे मर्म नेमके येथेच आहे. हजारो रोग्यांपैकी एकाचा पत्ता लागला नाही, तर फारसे बिघडत नाही. पण अखेरचा रोगी नजरेतून सुटला, तर सारा खटाटोप पाण्यात जातो. वस्तू जितकी दुर्मिळ तितके तिचे मोल अधिक, हा बाजाराचा नियम रोगाच्या बातमीलाही लागू पडतो.

टक्केवारीचा भ्रम

ही दृष्टी मात्र एका दिवसात आली नाही. भारत सरकारने देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली हाती घेतला, तेव्हाची योजना सरळ होती. शक्य तितक्या लोकांना, निदान शेकडा ऐंशी जणांना, लस टोचली की रोग आपोआप नाहीसा होईल, असा तिचा हिशेब होता. त्यानुसार कोट्यवधी लोकांना देवी टोचल्याची नोंद झाली. उद्दिष्टे पुरी झाल्याचे अहवाल वर गेले. देवी मात्र गेली नाही.

याचे कारण त्या आकड्यांच्या पोटात दडलेले होते. लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम टोचलेल्या दंडांच्या संख्येवरून मोजले जाई. शाळेतील मुले एका जागी रांगेत उभी असतात आणि त्यांची नावे हजेरीपटावर तयार असतात. म्हणून त्याच मुलांना पुन्हापुन्हा टोचून संख्या भरून काढणे सोयीचे होते. ज्यांना एकदाही लस मिळाली नव्हती अशी तान्ही बाळे, मजुरीसाठी गाव सोडून गेलेली कुटुंबे, गावकुसाबाहेरच्या वस्त्या, हे सारे वगळले जाई. एकूण बेरीज बरोबर आणि वाटणी चुकीची, असा तो प्रकार होता. दरडोई उत्पन्नाची सरासरी वाढली म्हणून भूमिहीन मजुराच्या घरात धान्य येत नाही. तसेच जिल्ह्याची सरासरी ऐंशीवर गेली म्हणून न टोचलेल्या वस्तीतील साथ थांबत नाही.

कमतरतेतून सुचलेला मार्ग

दुसरा मार्ग सापडला तो लशीच्या टंचाईमुळे. डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात देवीची साथ उद्भवली, तेव्हा विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरांपाशी सर्वांना पुरेल इतकी लस नव्हती. त्यांनी त्या भागातील मिशनऱ्यांच्या बिनतारी संचांवरून कोणत्या गावात रोगी आहेत याची चौकशी केली आणि हाताशी असलेली लस त्या गावांत व रोग जेथे पोहोचण्याचा संभव होता अशा ठिकाणी वापरली. लोकसंख्येच्या निम्म्या भागालाही लस मिळालेली नसताना साथ थांबली. साधने अपुरी असताना ती कोठे खर्चावीत, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर येथे रोगाचा माग काढून मिळाले होते.

हे साधले याचे कारण देवीच्या स्वभावात होते. देवीचा रोगी लपत नाही. त्याच्या चेहऱ्यावरील व हातापायांवरील फोड लहान मुलालाही ओळखता येतात. सामान्यतः अंगावर पुरळ उठू लागेपर्यंत त्याच्यापासून इतरांना लागण होत नाही. संसर्ग झाल्यापासून रोग दिसेपर्यंत सुमारे बारा दिवस जातात, आणि संसर्गानंतर तीनचार दिवसांत लस टोचली तरी बहुधा बचाव होतो. शिवाय हा रोग माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात वस्ती करीत नाही. म्हणजे प्रत्येक रोगी वेळीच हुडकला आणि त्याच्याभोवती लशीचे कुंपण घातले, तर रोगाला पुढे जायला वाट उरत नाही.

वाढत्या आकड्याची भीती

भारतात १९७३ च्या शरद ऋतूत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर अवलंबण्यात आली. काळाची निवडही विचारपूर्वक होती. पावसाळा संपताना देवीचा जोर सर्वांत कमी असतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तो शिगेला पोहोचतो. ऑक्टोबरात तोडलेली एक साखळी एप्रिलमधील कित्येक साखळ्या वाचवते. आरोग्य कर्मचारी गावोगाव फिरून रोग्याचे चित्र असलेले कार्ड शाळांत आणि बाजारांत दाखवू लागले. पुढे देशव्यापी शोधमोहिमांत लाखाहून अधिक कर्मचारी थोड्याच दिवसांत सुमारे दहा कोटी घरे पालथी घालीत. या सर्वांत विद्यार्थी हे फार उपयोगी बातमीदार ठरले. गावात कोणाच्या घरी काय दुखणे आहे, हे मुलांना सरकारी दप्तराआधी ठाऊक असते.

पहिल्याच शोधात उत्तर प्रदेश व बिहारमध्ये कोणत्याही कागदावर नसलेले हजारो रोगी उजेडात आले. आपल्या हद्दीत साथ निघाली की जाब विचारला जातो, हे खालच्या अधिकाऱ्यांना अनुभवाने माहीत होते. त्यामुळे रोगी न कळवणे हाच सुरक्षित मार्ग होऊन बसला होता. १९७३ साली देशात देवीचे सुमारे ८८ हजार रोगी नोंदले गेले. १९७४ मध्ये हीच संख्या १ लाख ८८ हजारांवर गेली आणि तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षीची साथ भयंकर होती, यात शंका नाही. परंतु आकडा वाढण्यात शोधाचाही वाटा होता.

नवी पद्धत फसली असा गवगवा होणे मग अटळच होते. सरसकट लसीकरणाकडे परत जावे, असा दबाव बिहारमध्ये वाढला. तेथील एका बैठकीचा प्रसंग फेगी यांनी पुढे लिहून ठेवला आहे. राज्याचे आरोग्यमंत्री जुन्या मार्गाकडे वळण्याचा निर्णय सांगत असता एक तरुण भारतीय डॉक्टर उभा राहिला. गावात एका घराला आग लागली तर आम्ही पाणी त्या घरावर ओततो, साऱ्या गावावर शिंपडत बसत नाही, असे तो म्हणाला. मंत्र्यांनी आणखी एक महिन्याची मुदत दिली, आणि त्या महिन्यात साथ ओसरू लागल्याचे दिसले.

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. रोग्याच्या दारावर पहारे बसले. काही ठिकाणी रात्री घरात शिरून, प्रसंगी दार मोडून, नको म्हणणाऱ्यांना बळाने लस टोचण्यात आली. अशा जबरदस्तीची आठवण लोक सहजी विसरत नाहीत, आणि पुढच्या लशीबद्दलच्या संशयाला तीच खतपाणी घालते. बक्षिसासाठी आपण होऊन दिलेली बातमी आणि धाकाने काढून घेतलेली बातमी यांत महदंतर आहे. पहिलीमुळे यंत्रणेचे डोळे उघडतात, तर दुसरीमुळे लोक दारे लावून घेतात.

शून्याची परीक्षा

१७ मे १९७५ ही बिहारच्या कटिहार जिल्ह्यातील देशांतर्गत लागणीच्या अखेरच्या रोग्याची तारीख. २४ मे रोजी आसामात तेव्हाच्या करीमगंज येथे बांगलादेशातून आलेल्या एका स्त्रीस रोग झाल्याचे आढळले, आणि भारतातील देवी संपली. तरी देश देवीमुक्त झाल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय आयोगाने दिला तो एप्रिल १९७७ मध्ये. मधल्या दोन वर्षांत रोगी नसलेल्या रोगाचा शोध चालू होता. गावे नमुन्यादाखल निवडून शोधपथक खरोखर तेथे आले होते काय, बक्षिसाची गोष्ट लोकांना माहीत आहे काय, हे दुसरे लोक तपासत. कांजिण्यांचे व पुरळासह तापाचे रोगी सतत कळवले जात होते आणि त्यांची शहानिशा होत होती, म्हणूनच देवीच्या रकान्यातील शून्यावर विश्वास ठेवता आला. पाहूनही सापडत नाही हे एक शून्य, आणि कोणी पाहिलेच नाही हे दुसरे. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

पोलिओच्या बाबतीत हीच कसोटी वेगळ्या रूपात वापरावी लागली. पोलिओची लागण झालेल्या बहुतेक मुलांत रोगाची खूण दिसत नाही. तेथे देवीसारखे कुंपण पुरे पडत नाही, म्हणून १९९५ पासून प्रथम तीन आणि पुढे पाच वर्षांखालील सर्व मुलांना वारंवार डोस देण्यात आले. जोडीला १९९७ पासून अचानक लुळेपणा आलेल्या प्रत्येक मुलाची, कारण काहीही असो, नोंद व तपासणी सुरू झाली. इतर कारणांनी लुळी पडलेली मुले ठरावीक प्रमाणात ज्या जिल्ह्यातून कळवली जात नाहीत, तेथे पोलिओ नाही हे म्हणणे ग्राह्य धरले जात नसे. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे अखेरचा रोगी आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. दोन रोगांचे स्वभाव भिन्न, म्हणून उपायही भिन्न. दोन्हींकडे सारखी होती ती रोग आधी ओळखून घेण्याची शिस्त.

हा धडा केवळ इतिहासात जमा करण्याजोगा नाही. क्षयरोगाच्या प्रत्येक रोग्याची नोंद खाजगी डॉक्टरांनीही करणे २०१२ पासून बंधनकारक झाले. नोंद झालेल्या रोग्यास पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना २०१८ मध्ये आली आणि पुढे ही रक्कम दुप्पट झाली. लपण्यापेक्षा नोंद होण्यात रोग्याचा लाभ व्हावा, हे धोरण उचित होय. परंतु रोग्यास जे लागू, ते नोंद करणाऱ्यासही लागू व्हावयास हवे. डेंग्यूचे रोगी असोत वा बालमृत्यू, ज्या तालुक्याचा आकडा वाढला त्याच्या अधिकाऱ्याला आधी धारेवर धरायचे, हा प्रघात जोवर चालू आहे, तोवर आकडे कमी होतील आणि मृत्यू तसेच राहतील. वाढलेला आकडा पाहताच विचारायचा पहिला प्रश्न ‘हे कोणामुळे झाले’ हा नसून ‘हे आधी का दिसले नाही’ हा असला पाहिजे.

भिंतींवरची ती अक्षरे केव्हाच पुसली गेली. त्या पिढीच्या दंडावरचा देवीचा वण तेवढा उरला आहे. लशीचे श्रेय तो वण सांगतो. कळवणाऱ्याला शिक्षा न करता बक्षीस देणाऱ्या त्या भिंतीवरच्या वाक्याचे श्रेय मात्र कोणाच्या अंगावर उमटलेले नाही. म्हणूनच ते आरोग्य खात्याच्या दप्तरात आणि वर्गातील फळ्यावर पुन्हा एकदा लिहिले जाणे अगत्याचे आहे.