शुगर ग्लायडरच्या ताटात काय वाढायचं?

ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या जंगलात अंधार पडला, की झाडांच्या ढोल्यांतून एकेक डोकं बाहेर यायला लागतं. टपोरे काळे डोळे, गुलाबी नाक, सतत हलणारे कान आणि कपाळापासून पाठीवर उतरत गेलेली एक काळी रेघ. वजन म्हणाल तर १०० ते १५० ग्रॅम, बस्स! हा पठ्ठ्या बुंध्यावरून सरसर वर चढतो, फांदीच्या टोकाशी येतो, समोरच्या झाडाचा अंदाज घेतो आणि थेट अंधारात उडी मारतो.

पण तो पडत नाही. पुढच्या पायाच्या करंगळीपासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत त्याच्या दोन्ही बाजूंना कातडीचा पातळ पडदा असतो. चारही पाय ताणले, की हा पडदा उघडतो आणि तो हवेवर तरंगत निघतो. वळायचं असेल तर एका बाजूचा पडदा थोडा सैल सोडायचा. तोल सांभाळायला अंगाएवढी लांब झुबकेदार शेपूट आहेच. असा तरंगत तो एका झेपेत ५० मीटरपर्यंत जाऊ शकतो. जमिनीवर उतरायचं नाही, शिकाऱ्याच्या तावडीत सापडायचं नाही आणि झाडावरून उतरून पुन्हा चढण्याची दमछाकही नाही.

हा शुगर ग्लायडर. आपल्या सह्याद्रीतही रात्री अशीच तरंगणारी मोठी उडणारी खार आहे, पण या दोघांचं नातं अगदी दूरचं. खार उंदरांच्या गोतावळ्यातली, तर ग्लायडर कांगारूच्या. म्हणजे पिल्लाला पोटाच्या पिशवीत वाढवणारा शिशुधान प्राणी. दोघांनी वेगवेगळ्या खंडांवर, एकमेकांना न विचारता, तरंगायची तीच युक्ती शोधून काढली!

आता हा छोटा तरंगबहाद्दर अमेरिकेत कितीतरी घरांमध्ये पाळला जातो, आणि आपल्याकडच्या शहरांतही काही हौशी लोक तो पाळू लागले आहेत. एक गंमत सांगते. ऑस्ट्रेलिया आपले जंगली प्राणी पाळण्यासाठी परदेशात विकू देत नाही. मग अमेरिकेतले ग्लायडर आले कुठून? शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकं तपासली. २०१९ साली त्यांनी सांगितलं, की हे ग्लायडर मुळात न्यू गिनी बेटाच्या पश्चिम टोकाचे, इंडोनेशियातल्या सोरोंग शहराच्या आसपासचे आहेत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा पाहुणा आला असेल किंवा येणार असेल, तर पहिला प्रश्न पडतो तो खाण्याचा. ‘हा गोडखाऊ आहे ना, मग फळं देऊ या!’ असं सगळ्यांच्याच मनात येतं. थांबा. आधी जंगलात तो काय खातो ते बघू.

निलगिरीच्या सालीत तो आपले खालचे दोन लांब, पुढे आलेले दात रुतवतो आणि चर पाडतो. त्यातून गोड रस पाझरतो, तो चाटतो. बाभळीच्या नात्यातली ‘वॉटल’ नावाची झाडं तिथं भरपूर आहेत. त्यांचा डिंक तो खातो. हो, डिंक! आपण थंडीत डिंकाचे लाडू खातो ना, साधारण त्याच जातीचा. डिंक पचवणं सोपं नसतं. म्हणून ग्लायडरच्या पोटात, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी, एक मोठी बंद पिशवी असते. तिच्यातले जिवाणू डिंक आंबवतात आणि त्यातलं सत्त्व त्याला मिळवून देतात. शिवाय फुलांतला मध आणि परागकण. शेतात मावा पडला, की पानांवर चिकटा येतो, हे शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत असेल. तसल्या किडींनी सोडलेला गोड चिकटासुद्धा तो चाटून खातो. आणि उन्हाळ्यात, किडे मुबलक असतात तेव्हा, पतंग, भुंगेरे, अळ्या यांच्यावर ताव मारतो.

या यादीत फळं कुठं दिसली का? जवळजवळ नाहीतच! फक्त फळांवर ठेवलेला ग्लायडर आजारी पडतो, आणि तो आजार फार वाईट असतो.

शरीराला कॅल्शियम नुसतं हाडांसाठी लागत नाही. स्नायू आवळायला, हृदय धडधडायला, नसांतून निरोप जायलाही ते लागतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम कमी होऊन चालत नाही. खाण्यातून ते मिळालं नाही, तर शरीर ते हाडांतून काढून घेतं. त्यात खाण्यात फॉस्फरस जास्त असेल, तर अडचण आणखी वाढते, कारण तो कॅल्शियमला आतड्यात अडवून धरतो. असं महिनोन्महिने चाललं, की हाडं पोकळ आणि ठिसूळ होतात. ग्लायडर आधी मंदावतो. मग मागचे पाय लटपटतात, आणि एक दिवस ते हलेनासेच होतात. कालपर्यंत खिडकीच्या पडद्यांवर उड्या मारणारा प्राणी आज मागचं अंग फरफटत चालतो. हे लवकर लक्षात आलं तर डॉक्टरांना बरंच काही करता येतं, उशीर झाला तर फार कमी. म्हणूनच मी खाण्याबद्दल इतकं बजावून सांगते आहे.

साधा हिशोब असा, की त्याच्या एकूण खाण्यात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं. केळ्यात उलटं असतं, फॉस्फरस चौपट. मक्याच्या दाण्यांतही फॉस्फरसच कितीतरी जास्त. पपई आणि अंजीर मात्र या परीक्षेत पास होतात, त्यांत कॅल्शियम जास्त असतं. पालकात ते दिसतं खरं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे पोटात गेलं तरी अंगी लागत नाही. किडे प्रथिनांनी भरलेले, पण त्यांतही कॅल्शियम कमीच. म्हणून पाळणारे लोक एक युक्ती करतात. ग्लायडरला किडे देण्याआधी त्या किड्यांनाच एक-दोन दिवस चांगलंचुंगलं, कॅल्शियमवालं खाणं देतात. किडा जेवला, की त्याचं पौष्टिक पोट ग्लायडरच्या पोटात!

मग ताटात वाढायचं तरी काय? जगभर ग्लायडर पाळणारे लोक एक पातळसर खीर करतात. तिच्यात पाणी, मध, उकडलेलं अंडं, बाळांना देतात तसलं प्रथिनयुक्त धान्याचं पीठ आणि जीवनसत्त्वं व कॅल्शियमची पूड असते. ही खीर म्हणजे झाडाचा रस आणि किडे यांची घरगुती नक्कल. ती बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवायची आणि रोज संध्याकाळी लागेल तेवढे तुकडे विरघळवायचे. तिच्याशिवाय चार-दोन किडे, आणि चव म्हणून भाजी-फळाचे बारीक तुकडे. रोजचं सगळं खाणं मिळून त्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्के होतं. कोणती पूड आणि किती, हे मात्र प्राण्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचं. पूड जास्त झाली तरी त्रास होतो.

आणि हो, बाभळीचा डिंक! त्याचा खडा एखाद्या फांदीच्या खाचेत दाबून ठेवला, तर तो रात्रभर कुरतडत, चाटत बसतो. खाणं शोधण्यात आणि खरवडून काढण्यातच त्याची अर्धी रात्र जायला हवी. नाहीतर तो कंटाळतो. (डिंकाचा लाडू मात्र तुम्हीच खा. त्याला तूप-गुळाचं काही देऊ नका.)

चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण हे तर विषच समजा. फरसाण, बिस्किटं, सूर्यफुलाच्या बिया यांनीही त्याचं भलं होत नाही. पाहुणे कौतुकानं काहीतरी भरवायला जातात तेव्हा तुम्ही मध्ये पडायचं. मोठ्यांना ‘नको’ म्हणायला संकोच वाटेल, पण या घरात ग्लायडरचे जाणकार तुम्ही आहात.

जेवणाची वेळ संध्याकाळची, कारण त्याचा दिवस तेव्हा सुरू होतो. दिवसभर तो झोपतो, ढोलीऐवजी मऊ कापडाच्या पिशवीत. शाळेतून आल्यावर त्याला ओढून बाहेर काढू नका. सकाळी मात्र उरलेलं खाणं न विसरता काढून टाका. अंड्याची खीर आपल्या हवेत लवकर नासते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकटा ग्लायडर कधीच ठेवू नये. जंगलात एका ढोलीत सातेक मोठे ग्लायडर आणि त्यांची पिल्लं दाटीवाटीनं झोपतात. नराच्या कपाळावर आणि छातीवर वासाच्या ग्रंथी असतात. कपाळावरची ग्रंथी तर टक्कल पडल्यासारखी उघडी दिसते. तो ती कुटुंबातल्या सगळ्यांना घासतो, म्हणून साऱ्या ढोलीला एकच वास येतो. तो वास म्हणजे त्यांचं आडनाव. ज्याला तो नाही, तो परका. एकटा ठेवलेला ग्लायडर खाणं सोडतो, कधी आपलेच केस उपटतो, आपलीच शेपूट चावतो. तुम्ही कितीही लाड केले तरी रात्री दोन वाजता तुम्ही झोपलेले असणार, आणि तो जागा.

तुमची ओळखही त्याला वासानंच होते. तुम्ही वापरलेल्या सुती कापडाचा तुकडा त्याच्या पिशवीत ठेवा. सुरुवातीला तो मागच्या पायांवर उभा राहून किरकिर असा मोठा आवाज काढेल. एवढ्याशा जिवातून असा आवाज निघतो, की मोठी माणसंही दचकून मागं सरतात. तो राग नाही, भीती आहे. हात वरून नेऊ नका, कारण वरून येणारी गोष्ट म्हणजे त्याच्या लेखी घुबड. तळहात खालून, हळूच पुढे करा. आठवडे लागतील, कधी महिनेही.

पिंजरा रुंद नसला तरी चालेल, उंच हवा, कारण त्याला वर चढायचं असतं. गजांमधली फट सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आत फांद्या, दोऱ्या आणि लपायला जागा. शी-शू मात्र तो जिथं असेल तिथंच करतो, ती शिकवता येत नाही. तेव्हा खालचा ट्रे रोज धुण्याची तयारी ठेवा.

थंडी वाजली आणि खाणं कमी पडलं, तर ग्लायडर एक अजब गोष्ट करतो. तो स्वतःला जवळजवळ बंद करतो! अंगाचं तापमान उतरत उतरत १० अंशांच्या आसपास येतं, श्वास मंदावतो, अंग गार पडतं. जंगलात कडक रात्री निभावून न्यायला त्याला याचा उपयोग होतो. घरात असं दिसलं तर ‘मेला’ म्हणून रडू नका. त्याला कापडात गुंडाळून छातीशी धरा, हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांना फोन करा. उन्हाळ्यात उलटी काळजी. ३० अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो, आणि आपल्याकडे मे महिना कसा असतो हे विदर्भातल्या मुलांना सांगायला नको.

पिल्लाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आईच्या पोटात ते फक्त १६ दिवस असतं. जन्मतं तेव्हा त्याचं वजन ०.२ ग्रॅम! डोळे मिटलेले, कान नाहीत, पण पुढचे पाय मात्र तयार. त्या पायांनी ते आईच्या केसांना धरून सरपटत पिशवीत पोचतं आणि साधारण ७० दिवस तिथंच दुधावर वाढतं. बाहेर आल्यावरही महिना-दीड महिना ते घरट्याच्या उबेलाच असतं.

चांगलं सांभाळलं तर ग्लायडर दहा-बारा वर्षं जगतो. आज तुम्ही पाचवीत असाल, तर तो असेपर्यंत तुमचं कॉलेज संपत आलेलं असेल. मध्येच कंटाळा आला म्हणून त्याला झाडावर सोडून देता येत नाही. टास्मानिया बेटावर काय झालं ते ऐका. तिथं ग्लायडर मुळात नव्हते. १८३५ च्या सुमारास माणसांनी ते ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तिथं नेले. तिथं ‘स्विफ्ट पॅरट’ नावाचा हिरवा, लाल चेहऱ्याचा पोपट झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतो. रात्री ग्लायडर ढोलीत शिरतात आणि अंडी, पिल्लं, कधी उबवणारी आईसुद्धा खातात. आज हा पोपट नामशेष होण्याच्या काठावर आहे. जंगलं तुटली हे त्याचं एक मोठं कारण, आणि ग्लायडर हे दुसरं. जवळच्या ब्रूनी आणि मारिया बेटांवर ग्लायडर पोचलेले नाहीत, तिथं मात्र या पोपटांची पिल्लं सुखरूप मोठी होतात. ग्लायडरचा यात काय दोष? तो नेला तिथं गेला आणि सापडलं ते खाल्लं.

काही ठिकाणी, जसं अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, तो पाळायला बंदीच आहे. आपल्याकडेही परदेशी प्राणी आणायला सरकारी परवानगी लागते, म्हणून विकणाऱ्याकडे कागदपत्रं मागायला आई-बाबांना सांगा. गावात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर असतील, पण ग्लायडर तपासलेले डॉक्टर आहेत का, हे आधी शोधा. आणि घरात बसून हेही ठरवा, की दिवाळीत सगळे आजोळी गेले तर रोज संध्याकाळी खीर कोण विरघळवणार, ट्रे कोण धुणार, आणि फटाक्यांच्या आवाजापासून दूर असलेली आतली खोली त्यांना कोण देणार. त्या माणसाचं नाव नक्की झालं, की मग दोन ग्लायडर आणायचा विषय काढा.